साब ९०० टर्बोच्या इंजिनाबाबत आपल्या अभिप्रायाला उत्तर

महोदय,

आमच्या वर्कशॉपविषयी आपण लिहिलेला अभिप्राय मी पुन्हा पुन्हा वाचला. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे: १९८६ सालच्या आपल्या साब ९०० टर्बोचे हेड गॅस्केट (इंजिनाचे वरचे झाकण म्हणजे हेड, त्याखालचे सील) उडाले म्हणून आपण गाडी आमच्याकडे दिली, आम्ही तीन आठवडे सांगून अकरा आठवडे लावले, न विचारता इंजिनाचा खालचा भाग आणि टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा) उघडला, बिल अंदाजाच्या दुपटीहून अधिक केले, आणि एवढे होऊनही गाडीतून काही दिवस पांढरा धूर आला व आता ती पूर्वीपेक्षा संथ चालते. "गॅस्केट बदला म्हणालो, यांनी इंजिनच बदलून ठेवले," हे आपले वाक्य मला लागले, कारण त्यात तथ्य आहे.

सर्वांत आधी आमच्या चुका. अंदाजपत्रकात केवळ गॅस्केट आणि हेडचे फेसिंग (त्याचा पृष्ठभाग मशीनवर सपाट करणे) एवढेच लिहिले होते. तेल काढले तेव्हा ते दुधाळ निघाले. त्याच दिवशी काम थांबवून आपल्याला फोन करायला हवा होता आणि आपला होकार येईपर्यंत पुढच्या नटाला पाना लावायला नको होता. मी तसे केले नाही. इंजिन खाली घेण्याचा निर्णय मी स्वतः घेतला आणि आपल्याला ते नवव्या दिवशी कळले. गाडी आपली आहे, निर्णयही आपलाच असायला हवा होता. त्या नऊ दिवसांत आपल्या संमतीवाचून झालेल्या कामाची सगळी मजुरी मी बिलातून वजा करत आहे. दुसरी चूक फेसिंगची. हे काम आम्ही बाहेरच्या मशीन शॉपकडून करून घेतो. पहिल्या खेपेला हेडचा पृष्ठभाग सपाट होऊन आला, पण नख फिरवले तर अडकावे इतका खरखरीत होता, आणि अशा पृष्ठभागावर नवे गॅस्केट नीट बसत नाही. ते परत पाठवण्यात दहा दिवस गेले. आम्ही बाहेर काम दिले असले तरी ग्राहकाच्या दृष्टीने ते आमचेच काम आहे, म्हणून दुसऱ्या फेसिंगची रक्कमही आपल्याकडून घेतली जाणार नाही.

आता खालचे इंजिन उघडण्याची गरज खरोखर होती का, या आपल्या प्रश्नाकडे येतो. अभिप्राय वाचणाऱ्या इतर मंडळींनाही ते कळावे म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

हेड गॅस्केट एकाच वेळी तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या ठेवते: सिलिंडरमधला जळता वायू, इंजिन थंड ठेवणारे कूलंट आणि वंगणाचे तेल. आपल्या गाडीत ब्लॉक (सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य सांगाडा) बिडाचा आहे आणि हेड ॲल्युमिनियमचे. तापमान १०० अंशांनी वाढले की एक मीटर लांबीमागे ॲल्युमिनियम सुमारे २.३ मि.मी. वाढते आणि बीड साधारण १.१ मि.मी. इंजिन दर वेळी तापते आणि निवते, तेव्हा हे दोन धातू गॅस्केटच्या दोन्ही अंगांना वेगवेगळ्या मापाने सरकत असतात. टर्बो नसलेले इंजिन हा त्रास अनेक वर्षे सोसते. टर्बोच्या इंजिनात मात्र सिलिंडरमधला दाब मुळातच जास्त असतो, आणि त्यात नॉकिंग (इंधनमिश्रण अवेळी आपोआप भडकणे) सुरू झाले की प्रत्येक स्फोट हातोड्याच्या घावासारखा हेडवर बसतो. त्यामुळे वयाने थकलेले गॅस्केट सगळ्यांत अरुंद जागी, म्हणजे दोन सिलिंडरांच्या मधल्या पट्टीवर, आधी जळते.

आपल्या इंजिनात हेच घडले होते. पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन (पिस्टन हवा दाबतो तेव्हाचा दाब) ११ बारच्या आसपास होते, तर दुसऱ्या आणि तिसऱ्याचे जेमतेम ५. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम खाली जातात, तेव्हा मधली पट्टी गेली असे समजावे. तेवढ्यावर गॅस्केट बदलण्याचा अंदाज आपल्याला दिला गेला, आणि त्या क्षणी तो प्रामाणिक होता. पण हेड काढल्यावर दिसले की जळालेली जागा कूलंटच्या वाटेपर्यंत पोचली होती आणि दुसऱ्या पिस्टनच्या कडेवर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे होते. ही नॉकिंगची खूण आहे. तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेल्यावरही आपल्याला बरेच अंतर गाडी चालवावी लागली, हे आपणच गाडी देताना सांगितले होते. याबद्दल मी आपल्याला दोष देत नाही, रात्री निर्जन रस्त्यावर कोणीही घरी पोचण्याचाच प्रयत्न करील. पण तेवढा वेळ कूलंट मिसळलेले तेल क्रँकशाफ्टच्या (पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) बेअरिंगमधून आणि टर्बोमधून फिरत होते.

कूलंटमधले ग्लायकॉल तेलात गेले की तेलाचा थर दोन धातूंना वेगळे ठेवू शकत नाही, आणि बेअरिंगवरचा मऊ थर झिजू लागतो. हे वरून दिसत नाही. दुसऱ्या अनेक गाड्यांत खालचा तेलाचा चेंबर सोडला की बेअरिंगच्या टोप्या समोर येतात. या साबमध्ये तसे नाही. तिचे इंजिन ४५ अंशांत कललेले आहे, उलट्या तोंडाने बसवलेले आहे, गिअरबॉक्स त्याच्या खाली आहे आणि गिअरबॉक्सचे कवच हेच इंजिनाच्या तेलाचे पात्र आहे. त्यामुळे एक बेअरिंग डोळ्यांनी पाहायचे असेल तरी इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र बाहेर काढून, मग वेगळे करावे लागतात. बाहेरून पाहणाऱ्याला हे उगाच वाढवलेले काम वाटणे अगदी स्वाभाविक आहे. आपल्या इंजिनात कनेक्टिंग रॉडच्या चारपैकी तीन बेअरिंगवरचा राखाडी थर जाऊन खालचा तांबूस धातू उघडा पडला होता. क्रँकशाफ्टला ओरखडा नव्हता. आणखी काही शे किलोमीटर गाडी चालली असती, तर तोही वाचला नसता असे माझे मत आहे.

टर्बोबाबतही असेच आहे. त्याचा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. आपल्या गाडीतल्या टर्बोला कूलंटची जोड नाही, त्याला थंडावाही तेलाचाच. दुधाळ तेल फिरलेला टर्बो न तपासता नव्या बेअरिंगच्या इंजिनाला जोडणे मला पटले नाही, आणि दांड्याची हालचाल हाताला जाणवण्याइतकी वाढलेली होती. त्याचे बेअरिंग आणि सील बदलले. टर्बाइनची चाके सुस्थितीत होती, ती तशीच ठेवली. एक्झॉस्ट व्हॉल्व्हही जुनेच ठेवले आहेत. या इंजिनाचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आतून पोकळ असून त्यात सोडियम भरलेले असते, म्हणून ते मशीनवर घासले नाहीत, फक्त हाताने सीटवर बसवले. जिथे जुना भाग चालण्यासारखा होता तिथे नवा घातलेला नाही, हे आपण बिलाच्या यादीवरून पडताळून पाहू शकता.

यापुढचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि आपल्या अभिप्रायात तो आलेला नाही. गॅस्केट कशामुळे गेले? नुसते वयामुळे नाही. टर्बोच्या वेस्टगेटला (टर्बोचा दाब मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेला) हातपंपाने दाब देऊन पाहिले, तेव्हा काटा ०.६ बारच्या पुढे गेला तरी झडप जागची हलेना. कोणीतरी तिचा दांडा आखूड करून ठेवला होता. त्यामुळे मूळ बूस्ट (टर्बो हवा भरतो तो दाब) कारखान्याने ठरवलेल्या पातळीच्या जवळजवळ दुप्पट झाला होता. या गाडीत एपीसी नावाची यंत्रणा आहे. ब्लॉकवरचा सेन्सर नॉकिंग ऐकतो आणि एपीसी बूस्ट खाली आणते. पण ती इग्निशनला हात लावत नाही, आणि बूस्टही मूळ पातळीच्या खाली आणू शकत नाही. मूळ पातळीच वर चढवून ठेवली, तर नॉकिंग ऐकू येऊनही तिच्या हाती काही उरत नाही. त्यातच रेडिएटरच्या बऱ्याच नळ्या गळती बंद करणाऱ्या कुठल्याशा पावडरीने बुजलेल्या होत्या. आपण गाडी अलीकडेच घेतली आहे, म्हणून हे दोन्ही आपल्याआधी झालेले असावे. फक्त गॅस्केट बदलून गाडी परत दिली असती, तर बिल निम्मे झाले असते, आपण समाधानाने पाच तारेही दिले असते, आणि नवे गॅस्केट त्याच पट्टीवर पुन्हा जळाले असते. तसे काम मला करायचे नाही.

गाडी संथ वाटते हे आपले निरीक्षण अचूक आहे, आणि ते आपल्याला आधी माहीत नसावे हा आमचा तिसरा दोष. दांडा पुन्हा योग्य लांबीवर आणला आहेच, शिवाय पहिल्या १,००० कि.मी.साठी एपीसीचा सोलेनॉइड (बूस्ट वाढू देणारी विजेवरची झडप) मुद्दाम काढून ठेवला आहे. त्यामुळे बूस्ट मूळ पातळीच्या वर जातच नाही, नव्या बेअरिंगला व पिस्टनवरच्या रिंगना बसायला वेळ मिळतो. हे एका कागदावर लिहून तो गाडीतल्या कप्प्यात ठेवला होता. तोंडी सांगायला हवे होते. पांढऱ्या धुराचे कारण एक्झॉस्टच्या सायलेन्सरमध्ये साचलेले जुने कूलंट हे होते. गाडी देताना आणि नंतर आठव्या दिवशीही कूलंटच्या टाकीवर ज्वलनवायूची चाचणी घेतली, तेव्हा निळा द्रव निळाच राहिला. गॅस्केट गळत असते तर तो पिवळा झाला असता. धूर आता थांबला असल्याचे आपणही लिहिले आहे.

आपले जुने गॅस्केट, बेअरिंगचे सगळे तुकडे आणि टर्बोचे काढलेले भाग क्रमांक लावून एका खोक्यात जपून ठेवले आहेत. ते आपल्या मालकीचे आहेत आणि गाडीसोबतच द्यायला हवे होते. १,००० कि.मी. पूर्ण झाले की गाडी घेऊन या. तेल आणि फिल्टर आमच्या खर्चाने बदलू, चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन आपल्या समोर मोजू, सोलेनॉइड जोडू आणि मग आपण स्वतः चालकाच्या जागेवर बसून माझ्यासोबत एक फेरी मारा. बूस्टचा काटा कुठे थांबतो ते दोघे मिळून पाहू. सुधारित बिल आज आपल्याला पाठवले आहे.

आपला,
वर्कशॉपचा मालक