आधी तुरट किती ते सांगा, चेरी नंतर

एकदा भरल्या टेबलावर मी सपशेल तोंडघशी पडलो. तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात आहे.

लेबल न बघता, नुसतं चाखून ओळखायचं म्हणून बाटल्या कापडी पिशव्यांत झाकलेल्या होत्या. चौथ्या ग्लासात अंबर रंगाचं, जरा दाटसर काहीतरी आलं. नाक खाली नेलं आणि प्रश्नच संपला. अक्रोड, जुनं लाकूड आणि या सगळ्यावर मात करणारा भाजलेल्या मेथीदाण्यांचा वास. घोट नावापुरता घेतला आणि जाहीर करून टाकलं, "झ्युरा. व्हाँ जोन. किमान दहा वर्षं जुनी." मित्राने काही न बोलता पिशवी काढली. लेबलावर सगळी अक्षरं जपानी. ती कोशू होती, म्हणजे वर्षानुवर्षं मुरवलेली साके, तांदळाची जपानी दारू. द्राक्षाचा एक मणीसुद्धा तिच्या वाटेला गेलेला नव्हता.

हसण्याचा भर ओसरल्यावर मी शोधाशोध केली, तेव्हा जीव थोडा भांड्यात पडला. मेथीच्या त्या वासाला एक रेणू जबाबदार असतो, त्याचं नाव सोटोलॉन. मेथीदाण्यात तोच. पूर्व फ्रान्सच्या झ्युरा भागात साव्हान्याँ द्राक्षाची वाइन पिंपात सहा वर्षांहून जास्त ठेवतात. उडून जाणारी वाइन भरून काढत नाहीत, वर यीस्टची साय धरू देतात. त्या व्हाँ जोनमध्येही तोच. आणि जुन्या साकेत तो असल्याचं जपानी संशोधकांनी १९७६ सालीच दाखवून ठेवलंय. म्हणजे माझ्या नाकाने काही खोटं सांगितलं नव्हतं. चूक झाली ती जिभेला विचारलंच नाही म्हणून. व्हाँ जोन घोटभर तोंडात घेतली की जबड्याच्या मागून लाळेचा झरा फुटतो, इतकी ती आंबट आणि कोरडी. कोशू मात्र गोल, गोडसर, आंबटपणा जेमतेम. नाक चिमटीत धरून प्यायलो असतो तर दोन सेकंदांत कळलं असतं.

तर मुद्दा असा. वाइन आणि साकेबद्दल आपण जे वाचतो, ऐकतो आणि मग स्वतः बोलायला लागतो, ते जवळजवळ सगळं नाकाचं असतं. चेरी, ब्लॅककरंट, व्हायोलेट, ओला दगड, पेन्सिलीचं शिसं. या फळांच्या टोपलीतून बाटली कुठल्या मुलखातली ते ओळखायचं म्हणजे माणसाच्या अत्तरावरून त्याचं गाव ओळखण्यासारखं आहे. मुलूख कळतो तो सांगाड्यावरून. किती आंबट, किती तुरट, कुठे कडू, घशात किती जळतं, चव मागे किती रेंगाळते. आणि हे बोलायला मराठीत शब्द आयते पडलेत! मधुर, आम्ल, लवण, कटू (म्हणजे तिखट), तिक्त (म्हणजे कडू), कषाय. यातला कषाय, म्हणजे आपला तुरट, ही तर लॉटरी आहे. इंग्रजीत वाइन शिकणारा माणूस पहिले सहा महिने तुरट आणि कडू यांची गल्लत करत असतो, कारण रोजच्या बोलण्यात त्याला वेगळा शब्दच नसतो. आपल्याकडे कच्चं केळं चावलेल्या पोरालाही फरक ठाऊक असतो.

नाकावर माझा इतका राग का, तेही सांगतो. बोर्दोमध्ये वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाइनमध्ये वास नसलेला लाल रंग घालून दिला होता. संशोधन २००१ साली छापून आलं. विद्यार्थ्यांनी त्या पांढऱ्या वाइनच्या वासाला सरळ लाल वाइनची विशेषणं लावली. हसू नका, तुम्ही-आम्हीही तेच केलं असतं. दुसरी गोष्ट काळ्या मिरीची. फ्रान्समध्ये ऱ्होन नदीच्या उत्तरेकडच्या पट्ट्यात, कोर्नास किंवा कोत-रोतीमध्ये, सिरा द्राक्षाच्या वाइनला मिरीचा वास येतो. हा कवीपणा नव्हे. मिरीतलाच रोटंडोन हा रेणू सिरामध्ये असतो, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ साली सिद्ध केलं. पण त्याच अभ्यासात असंही निघालं की पाचातल्या एकाला हा वास येतच नाही, चाचणीतली सगळ्यात जास्त मात्रा दिली तरी. तुमच्या शेजारी बसलेला माणूस "कुठाय मिरी?" म्हणत असेल तर तो अडाणी नाही, त्याचं नाक तसं घडलेलं आहे.

(त्यात भाषांतराचा घोळ वेगळा. न्यूझीलंडच्या मार्लबरोच्या सोव्हिन्याँ ब्लाँला 'गूसबेरी'चा वास येतो असं इंग्रजीत लिहितात. मराठीत त्याचा आवळा होतो. आवळ्याचा आणि त्या फळाचा काडीचा संबंध नाही. हिरवी मिरची, कापलेलं गवत, पॅशनफ्रूट म्हणा ना, सगळ्यांना कळतं.)

आता तुरटपणा. इटलीच्या वायव्येला बारोलो हे गाव आहे, त्याच्या आसपासच्या टेकड्यांवर नेबियोलो द्राक्ष पिकतं. वाइन ग्लासात ओतली की रंग फिकट विटकरी, पलीकडचं बोट दिसेल इतका. माणूस गाफील राहतो. पहिल्या घोटाला गुलाबाचा आणि डांबराचा वास, आणि मग हिरड्यांवरून, गालांच्या आतून कुणीतरी पॉलिश पेपर फिरवावा तसं होतं. लाळेतली प्रथिनं टॅनिन या तुरट द्रव्याला चिकटून बसतात, तोंडाचं वंगण जातं, जीभ टाळूला घासते. दाट रंग म्हणजे दणकट वाइन हा समज बारोलो एका घोटात मोडून काढते. गंमत पुढे आहे. याच टेकड्यांत पूर्वेला सेर्रालुंगा आणि पश्चिमेला ला मोर्रा अशी दोन गावं आहेत. अंतर इतकं की एका टेकडीवरून दुसरी दिसते. सेर्रालुंगाची वाइन तरुणपणी दात-ओठ खाऊन बसलेली, ला मोर्राची सुवासिक आणि मऊ. फळं लिहायला घ्या, दोन्हीकडे चेरीच लिहाल. फरक हिरड्यांना कळतो. माझी सवय अशी की थुंकल्यानंतर दहा सेकंद जीभ वरच्या ओठाच्या आतून फिरवून बघायची. दिसायला शोभत नाही, पण तुरटपणाचा पोत (रेशमी, खडूसारखा की वाळूसारखा) तिथेच सापडतो.

आंबटपणाचंही तेच. शार्दोने हे एकच द्राक्ष घ्या. फ्रान्समधल्या बुर्गुंडीच्या उत्तर टोकाला, थंडीत, शाब्ली. दक्षिणेला थोडं खाली मेरसो. शाब्लीचा आंबटपणा ताणलेल्या तारेसारखा, जिभेच्या मधून सरळ निघून जातो. मेरसो दोन्ही गालांत पसरते, लाकडाच्या पिंपाने तिला लोण्यासारखी गोलाई येते. शाब्लीच्या चुनखडीत कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या छोट्या कालवांचे शिंपले सापडतात, म्हणून वाइनमध्ये 'शिंपल्यांची चव' येते असं लोक मोठ्या भक्तीने सांगतात. जमिनीत शिंपले आहेत हे खरं. पण वेलीची मुळं शिंपल्याची चव शोषून घडात नेत नाहीत, जमिनीतले क्षार इतक्या सरळ वाटेने ग्लासात उतरत नाहीत. ज्याला आपण खनिज म्हणतो त्यात थंड हवेतला आंबटपणा आणि फळाचा अभाव यांचा वाटा मोठा असावा, असं माझं मत. कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर दुखावू द्या.

जर्मनीत मोझेल नदीच्या काठी पाटीच्या दगडाचे कडे आहेत, उभे, माणूस घसरेल असे. तिथल्या रीझलिंगची 'काबिनेट' बाटली उचलून बघा, अल्कोहोल आठ-नऊ टक्के लिहिलेलं असतं. साखर भरपूर, तरी गोड आहे असं म्हणवत नाही, कारण खालून आंबटपणा तितक्याच ताकदीने ढकलत असतो. गोड आणि आंबट वेगवेगळे लिहून काही हाती लागत नाही, त्यांचं भांडण लिहावं लागतं. हीच रीझलिंग जुनी झाली की रॉकेलचा वास सोडते. पहिल्यांदा मला वाटलं ग्लास नीट धुतला नाही.

खारटासाठी एकच नाव घेतो. स्पेनच्या समुद्रकाठच्या सानलुकारची मान्झानीया. तिथे पिंपात वाइनवर यीस्टची साय वर्षानुवर्षं जिवंत ठेवतात. ही साय वाइनमधलं ग्लिसरॉलही खाऊन टाकते, म्हणून तोंडात तेलकटपणाचा मागमूस राहत नाही. उरतं ते हाडासारखं कोरडं, कच्च्या बदामाचं, खारट.

आणि आता साके, जिच्यामुळे हे सगळं सुरू झालं.

साके चाखणाऱ्यांची जुनी परंपरा पाच चवी मोजते: गोड, आंबट, तिखट, कडू, तुरट. परत वाचा. षड्रसातला खारट तेवढा वगळा, तंतोतंत तीच यादी! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठलो होतो. 'काराकुची' हा शब्द साकेच्या बाटलीवर सगळीकडे दिसतो, त्याचा अर्थ 'कोरडी' असा लावतात, पण 'कारा' म्हणजे मुळात तिखट. आपल्या कटू रसाच्या तो किती जवळ आहे बघा. एकाच गोष्टीसाठी मला वेगळा रकाना आखावा लागला, ती म्हणजे उमामी, रश्श्यातला तो भरदार चविष्टपणा. साकेत उमामी देणारी अमिनो आम्लं वाइनच्या कितीतरी पट असतात आणि आंबटपणा साधारण पाचव्या हिश्श्याइतका. म्हणून वाइनवर पोसलेल्या जिभेला साके सुरुवातीला सपक लागते. ती ज्याची वाट बघत असते, ते आंबट येतच नाही.

साकेत मुलूख म्हणजे काय, हा प्रश्नच वेगळा आहे. द्राक्ष तोडलं की लगेच गाळावं लागतं, त्यामुळे वाइन रानाशी बांधलेली. तांदूळ मात्र पोत्यात भरून कुठेही जातो. ह्योगो प्रांतातला यामादा निशिकी तांदूळ जपानभरचे कारखाने वापरतात. यीस्टही मध्यवर्ती संस्थेकडून मागवता येतं. उरतं ते पाणी आणि कारागिराचा हात.

पाण्याचं उदाहरण सगळे नादाचं देतात, मीही देतो. कोबेजवळच्या नादा भागात 'मियामिझू' नावाचं विहिरीचं पाणी आहे, त्याचा गुण १८४० साली लक्षात आला. जपानच्या मानाने जड (क्षार जास्त असलेलं) पाणी, लोह अगदी कमी (लोहाने साकेचा रंग आणि चव बिघडते), फॉस्फरस-पोटॅशियम भरपूर. यीस्ट त्यावर जोमाने वाढतं, साखर फस्त करतं आणि साके करकरीत कोरडी होते. क्योतोजवळच्या फुशिमीचं पाणी त्याहून मऊ, आंबण्याची चाल सावकाश, साके नरम. नादाची 'मर्दानी' आणि फुशिमीची 'बायकी' असं म्हणायची जुनी पद्धत आहे. मला तिचा कंटाळा आलाय. जड पाणी आणि मऊ पाणी म्हटलं तर काय बिघडतं? हिरोशिमाचं पाणी तर इतकं मऊ की आंबवण धड व्हायचंच नाही. मिउरा सेन्झाबुरो या कारागिराने कमी तापमानात धीराने आंबवण्याची पद्धत बसवली आणि १८९८ साली ती छापून सगळ्यांना देऊन टाकली. तांदूळ बराच घासून केलेल्या आजच्या सुवासिक गिंजो साकेचं मूळ तिथे आहे.

निइगाताची साके मात्र वाइनवाल्यांचा अहंकारच उतरवते. तिथली शैली 'तानरेई काराकुची', हलकी, स्वच्छ, कोरडी. घोट गिळला की चव सुरीने कापल्यासारखी थांबते. जपानीत या गुणाला 'किरे' म्हणतात, म्हणजेच काप. वाइनच्या परीक्षेत चव जितकी रेंगाळेल तितके गुण जास्त. इथे ती अचूक थांबली म्हणून कौतुक! माझ्या जुन्या वहीत एका निइगाता साकेपुढे 'शेवट तोकडा' असा शेरा आहे. तोकडी माझी समज होती.

उलट टोकाला किमोतो आणि यामाहाई या जुन्या पद्धतींची साके. यात लॅक्टिक आम्ल (दह्यातलं) आयतं न घालता जिवाणूंना ते सावकाश करू देतात. चव दमदार, आंबूस, जरा रानटी. ही थंड पिऊ नका. कोमट करा. आणि साकेच्या तापमानाच्या पायऱ्यांना जपान्यांनी काय नावं दिलीत! पाच अंशाला 'बर्फाचा गारवा', दहाला 'फुलांचा गारवा', तीसला 'उन्हातली', पस्तीसला 'माणसाच्या कांतीइतकी'. चाळीसच्या आसपास किमोतोतली उमामी फुलून येते आणि आंबटपणा तिच्या मागे उभा राहतो.

दायगिंजोबद्दल, म्हणजे गिंजोतल्या सगळ्यात वरच्या प्रतीबद्दल, माझं मत कुणाला आवडणार नाही. तांदूळ किमान निम्मा घासून टाकायचा, तेच नावाजलेलं भाताचं वाण, सफरचंद-केळ्याचा वास सोडणारं तेच यीस्ट, आणि ओतायची वाइनच्या ग्लासात. सुरेख लागते, नाही कोण म्हणतो. पण अशा चार प्रांतांतल्या चार बाटल्या शेजारी ठेवल्या की मला तरी गाव ओळखता येत नाही. वासाने चवीवर पडदा टाकलेला असतो. साध्या जुनमाईत (नुसत्या तांदळाची, वरून अल्कोहोल न घातलेली साके) मुलूख जास्त दिसतो.

आता माझ्या वहीत फळांचा रकाना सगळ्यात शेवटी आहे. आधी सहा रस, सातवा उमामी, मग किती वेळ रेंगाळली. गेल्या महिन्यात त्याच मित्राला म्हटलं, पुन्हा ओत. त्याने तीन ग्लास भरले, तिन्ही अंबर. मी नाक चिमटीत धरलं. पहिल्याला लाळ सुटली, व्हाँ जोन. बरोबर. दुसरी गोल, दाट, आंबट जेमतेम, कोशू. बरोबर. तिसरीही गोल, दाट, आंबट कमी. मी म्हटलं, "अरे, ही पण कोशूच, दुसऱ्या घरची."

ओलोरोसो शेरी निघाली, वरून अल्कोहोल घालून कडक केलेली स्पेनची वाइन. वहीत बघितलं तर तिखटाचा रकाना मी कोराच सोडला होता, आणि घसा अजून जळत होता.