साडेआठ म्हशी

काल बँकेत पंधरा-वीस माणसांच्या देखत माझ्या साडेआठ लाखांचे पंच्याऐंशी लाख झाले. पैसे काही वाढले नाहीत, अब्रू तेवढी गेली.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं छोटं पॅटर्न शॉप आहे, म्हणजे ओतकामाला लागणारे नमुने बनवायचं. जर्मनीतल्या एका गिऱ्हाइकाचं पेमेंट आलेलं, त्याचा फॉर्म भरायचा होता. अक्षरी रकान्यात मी नीट 'आठ लाख पन्नास हजार फक्त' लिहिलं. शेजारच्या चौकटीवर मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात 'रक्कम मिलियनमध्ये' असं छापलेलं, ते वाचलं पण, आणि तरी हातानं सवयीनं ८.५ टाकलं. काउंटरवरची पोरगी माझ्या लेकीच्या वयाची, पण आवाज एसटी स्टँडवरच्या अनाउन्समेंटचा. "काका, साडेआठ मिलियन लिहिलंय तुम्ही! पंच्याऐंशी लाख होतात!" अगं बाई, शेजारीच अक्षरी लिहिलंय की! पण नाही. नवीन फॉर्म घ्या.

मागच्या बाकड्यावर एक आबा बसलेले. डोक्याला पटका, मांडीवर कापडी पिशवी, दुधाचं बिल जमा झालं का बघायला आलेले. त्यांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग माझ्या चपलेकडं. अंगठा तुटला म्हणून मी तिला खिळा मारलाय.

"पंच्याऐंशी लाख? आन् पायताण असलं?"

म्हटलं, "आबा, साडेआठच हायत. मिलियनमुळं घोळ झाला."

"मिलियन म्हंजी?"

"दहा लाख."

"मग दहा लाख म्हणायला जीभ झिजती व्हय?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, अजूनही नाही. आबा सरकून जवळ आले. "मला म्हशीत सांगा. चांगली दुधाची म्हस लाखाला धरा. मिलियनला किती?"

"दहा."

"आन् तुमच्या?"

"साडेआठ."

"ती अर्धी कुठली घेतली?"

मी गप्प. आबांनीच क्षणभर विचार केला आणि मला सल्ला दिला, "मागली अर्धी घ्या. दूध तिकडंच असतंय."

सगळी लाइन हसली. वॉचमन हसला. ती पोरगीसुद्धा हसली आणि तेच मला सगळ्यात जास्त झोंबलं.

इथं गप्प बसायचं होतं. पण आबांनी विचारलं, टीव्हीवर बिलियन बिलियन करत्यात ते किती, आणि मला माहीत असलेली गोष्ट कुणी विचारली की माझ्याच्यानं राहवत नाही. म्हटलं, शंभर कोटी. पोरीनं काम सोडून कॅल्क्युलेटरवर हिशोब केला, दहा हजार म्हशी. आबांनी डोळे मिटले. मला स्पष्ट दिसत होतं, ते मनात दहा हजार म्हशी रंकाळा तलावात घालत होते. डोळे उघडून म्हणाले, "पाण्याचं भागंल. वैरणीचं काय?"

"पण आबा," मी म्हटलं (कशाला म्हटलं!), "जर्मनीत बिलियन म्हणजे शंभर कोटी नव्हं. तिकडं लाख कोटी."

"का? तिकडं म्हशी महाग हायत?"

आता यांना काय सांगायचं. १४८४ साली शुके नावाच्या एका फ्रेंच माणसानं बिलियन म्हणजे मिलियन गुणिले मिलियन असं लिहून ठेवलं. पुढं फ्रेंचांनीच ते हजार मिलियनवर आणलं, अमेरिकेनं तेच उचललं, मग फ्रान्स १९६१ला परत जुन्यावर गेला. इंग्रज सरकार बरीच वर्षं जुन्याला धरून होतं, त्यानं १९७४ला अमेरिकेपुढं मान टाकली. जर्मन मात्र हलले नाहीत, शंभर कोटीला ते मिलियार्ड म्हणतात. जपान्यांचं आणखी वेगळं, ते चार-चार शून्यांवर शब्द बदलतात. दहा हजाराला 'मान' आणि दहा कोटीला 'ओकू'. हे मी बनवलेलं नाही.

आणि जर्मनांचा नुसता शब्दाचा घोळ नाही, टिंबाचा पण आहे. पहिल्या कोटेशनमध्ये मी एका पॅटर्नचे १२,५०० युरो लिहिले. तिकडं स्वल्पविराम म्हणजे आपला दशांश आणि हजाराला टिंब. त्या भल्या माणसानं फोन केला की साडेबारा युरोत देत असाल तर मी दहा नग घेतो. चेष्टाच करत होता तो, पण मला रात्रभर झोप नव्हती.

बरं, आपण तरी कुठं सरळ आहोत? भास्कराचार्यांनी ११५० साली लीलावतीत एकपासून परार्धापर्यंत अठरा नावं देऊन ठेवली. अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी... आणि आपण काय म्हणतो? लाख कोटी! केंद्राचं २०२५-२६चं बजेट पन्नास लाख कोटींच्या वरचं. पन्नास महापद्म म्हणा की, जरा वजन तरी वाटेल. खर्व म्हणालात तर वेगळीच पंचाईत, भास्कराचार्यांचा खर्व दहा अब्जांचा आणि हिंदीवाल्यांचा खरब शंभरचा. पेपरवाले तर 'पन्नास दशलक्ष डॉलर' छापतात, पाच कोटी म्हणायला त्यांना काय होतं देव जाणे. कोल्हापुरात कुणी कधी भाजीवालीला दोन दशरुपये दिलेत काय?

माझा राग एवढाच आहे की शाखा शाहूपुरीत, पैसे रुपयात, भरणारा मी, घेणारी ती पोरगी, दोघं मराठी, मग मधे मिलियन कुणासाठी? तिला विचारलं तर म्हणाली, "काका, फॉर्म वरनं येतो." वरनं म्हणजे कुठनं, ते तिलाही माहीत नव्हतं. नवीन फॉर्मवर ०.८५ लिहिलं तर शून्य नीट वाचता येत नाही म्हणाली, गिरवलं तर खाडाखोड झाली, तिथं सही करा म्हणाली. केली. निघताना आबा म्हणाले, "शून्य पूर्णांक म्हंजी तुमची एक म्हसबी पुरी न्हाई की ओ."

संध्याकाळी घरी आलो तर दारात मंडळाची चार पोरं. गणपतीला अजून दोन महिने. "काका, बँकेत पंच्याऐंशी लाख आलं म्हणं? यंदा तुमची एकावन्न हजाराची पावती."

म्हटलं लिही, शून्य पूर्णांक शून्य शून्य शून्य पाच मिलियन. पोरगं पेन धरून बावचळलं, शेजारच्याला विचारलं, त्यानं मोबाइलवर बघितलं. मग पाचशे घेतले आणि तोंड वाकडं करून गेली.