झेंड्यांमागे दडलेला सामना

माझ्या डोळ्यांचे काम मोबाइलमधील एक वाचक बाई, म्हणजे स्क्रीन रीडरचा आवाज, करतात. पडद्यावर जे जे त्यांना ओळखू येईल ते सारे त्या निर्विकारपणे वाचून दाखवतात, आणि त्यांचा हा काटेकोरपणा आमच्या पेठेतील तरुण मंडळींना अद्याप उमगलेला नाही.

कोल्हापुरातील शाहू स्टेडियमवरील फुटबॉल मी गॅलरीत बसून कानांनीच पाहतो, त्यामुळे परवा केएमटीच्या, म्हणजे महापालिकेच्या, बसमध्ये असताना पुतण्याने व्हॉट्सॲपवर सामन्याचा निरोप धाडला, तेव्हा मी तो तत्परतेने लावला. बाईंनी प्रारंभ केला : ‘ट्रँग्युलर फ्लॅग, ट्रँग्युलर फ्लॅग, ट्रँग्युलर फ्लॅग...’ झेंड्यांची मिरवणूक सरली, तोच त्या ‘फायर, फायर, फायर’ असे म्हणू लागल्या आणि शेजारचे गृहस्थ चटकन उठून दाराशी गेले. मग शोभेची आडवी रेघ आली. ती एकसंध दिसत असली तरी तुकड्यातुकड्यांची असते, म्हणून प्रत्येक तुकड्याला ‘बॉक्स ड्रॉइंग्ज हेवी हॉरिझॉन्टल’ असा मान मिळाला. अखेरीस ‘स्थळह शाहू स्टेडियम’ असे उमटले, कारण दोन टिंबे हवी तिथे विसर्ग टंकला होता. पुढे ‘वेळह’ आणि त्यानंतर नि:शब्द शांतता.

मी फोन केला.

“काका, वेळ तर चांगली जाड अक्षरांत घातलीया की!”

गोम तिथेच होती. फॉन्ट बदलणाऱ्या ॲपमधून उचललेले ते जाड आकडे मुळी आकडे नव्हतेच, तर गणितज्ञांच्या सोयीसाठी युनिकोड या अक्षरचिन्हांच्या जागतिक मानकाने 2001 मध्ये स्वीकारलेली स्वतंत्र चिन्हे होती. काही स्क्रीन रीडर ती ‘मॅथेमॅटिकल बोल्ड डिजिट फोर’ अशी साग्रसंगीत वाचतात, आमच्या बाई मात्र मुकाट गिळतात; म्हणजे ज्या गोष्टीवर पुतण्या सर्वाधिक जोर देतो, नेमकी तीच माझ्यापर्यंत पोहोचत नाही.

साधा आकडा दोन तारकांमध्ये लिहिला की व्हॉट्सॲप तो आपणहून ठळक दाखवते आणि तो आकडाच राहतो, हे त्याने लगेच मान्य केले. संगणकाचा विद्यार्थी असल्यामुळे, संकेतस्थळावरील शोभेच्या चिन्हाला ‘एरिया-हिडन’ ही खूण कोडमध्ये लावल्यास स्क्रीन रीडर ते वगळतो, हेही त्यानेच मला ऐकवले. विसर्ग गेला, रेघ गेली, आग विझली. झेंड्यांवर मात्र घोडे अडले.

“काका, झेंडा न्हाई म्हटल्यावर पेठेचा मेसेज कोन म्हनंल?”

बऱ्याच घासाघिशीनंतर एका झेंड्यावर तडजोड झाली, तोही निरोपाच्या शेवटी.