बोक्केरिनी आणि 'हायडनची बायको' : एका प्रतिक्रियेला उत्तर

अठराव्या शतकातील इटालियन संगीतकार लुइजी बोक्केरिनी यांच्यावरील माझ्या लेखावर एका वाचकांनी सविस्तर प्रतिक्रिया दिली आहे. तिचा आशय असा : बोक्केरिनी म्हणजे त्यांचे समकालीन ऑस्ट्रियन संगीतकार हायडन यांची सौम्य नक्कल, म्हणूनच त्यांना 'हायडनची बायको' म्हटले गेले, स्पेनमध्ये जाऊन बसल्याने त्यांची वाढ खुंटली, ते दारिद्र्यात वारले, एका मिनुएटपलीकडे (तीन मात्रांच्या चालीच्या नृत्यसंगीतापलीकडे) त्यांचे काही उरले नाही, आणि माझ्यासारख्या 'ऐकीव माहितीवर लिहिणाऱ्या हौशी मंडळींनी' आधी हायडन नीट ऐकावा.

मतभेदाबद्दल माझी तक्रार नाही. परंतु ज्या माणसाला आपण कधी भेटलेला नाहीत, त्याने काय ऐकले आहे आणि काय नाही, याचा निवाडा आपण कोणत्या आधारावर केलात? मुंबईत एका वयोवृद्ध गोवेकर शिक्षकांकडे मी अनेक वर्षे चेलो (व्हायोलिनच्या कुळातील मोठे, खालच्या सुराचे वाद्य) शिकलो. हायडनच्या क्वार्टेटमधला, म्हणजे चार तंतुवाद्यांच्या रचनेतला, चेलोचा भाग त्यांनीच माझ्याकडून बसवून घेतला आणि बोक्केरिनींच्या क्विंटेटमधला, म्हणजे पाच वाद्यांच्या रचनेतला, पहिला चेलो वाजवताना माझी बोटे किती अडखळतात, हेही त्यांनीच मला दाखवून दिले. 'ऐकीव' हा शब्द मला लागला, तो यामुळे.

आता नकलेविषयी. 'हायडनची बायको' हा शेरा जुसेप्पे पुप्पो या व्हायोलिनवादकाच्या नावावर सांगितला जातो. तोही बोक्केरिनींप्रमाणे लुक्का शहराचाच. एका वादकाची कोटी म्हणजे समकालीनांचा कौल नव्हे, आणि आपण ती पुरावा म्हणून पुढे करता, याचे मला आश्चर्य वाटते. बोक्केरिनींनी आपले पहिले सहा क्वार्टेट १७६१ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी लिहिले. त्या सुमारास हायडनही या प्रकारात नुकतेच पाऊल टाकत होते. दोघे एकाच वेळी चाचपडत असताना एकाने दुसऱ्याची नक्कल केली, असे कसे म्हणता येईल?

खरा फरक तर चेलोत आहे. स्पेनच्या राजाचे भाऊ इन्फांते (राजपुत्र) डॉन लुइस यांच्या पदरी फोंत कुटुंबातील चौघे वादक होते. त्यांच्यात बोक्केरिनी स्वतःचा चेलो घेऊन बसत, आणि त्यातून दोन व्हायोलिन, एक व्हायोला व दोन चेलो ही मांडणी रुजली. अशा शंभराहून अधिक रचना त्यांनी केल्या. दुसरा चेलो खालचा आधार धरतो, त्यामुळे पहिला मोकळा होतो, अंगठा तारेवर टेकवून थेट व्हायोलिनच्या पट्ट्यात चढतो आणि तिथे गाऊ लागतो. हायडनच्या क्वार्टेटमध्ये चार वाद्ये एकच मुद्दा आपसांत वाद घालत पुढे नेतात. बोक्केरिनींच्या क्विंटेटमध्ये तोच सूर पुन्हा पुन्हा येत राहतो, पण दर वेळी त्याचा रंग बदलतो. दोन चेलोंपैकी पहिला कोणता आणि दुसरा कोणता, हे ज्यांना कानाने ओळखता येत नाही, त्यांनी 'नक्कल' हा शब्द जपून वापरावा.

एक गोष्ट मी मोकळेपणाने मान्य करतो : बहुतेक श्रोत्यांपर्यंत १७७१ च्या त्या क्विंटेटमधले मिनुएटच पोहोचले आहे, आणि बोक्केरिनींचे काही संथ भाग लांबतात. पण श्रोत्यांपर्यंत न पोहोचणे म्हणजे न उरणे नव्हे.

दारिद्र्याच्या मुद्द्यात मी शिरत नाही. त्याचा रचनांच्या दर्जाशी संबंध नाही. स्पेनविषयी मात्र एवढेच सांगतो. डॉन लुइस यांच्या विवाहानंतर राजदरबाराने त्यांना दूर ठेवले, आणि त्यांच्याबरोबर बोक्केरिनीही आरेनास दे सान पेद्रो या आडगावी गेले. तिथे १७८० च्या सुमारास त्यांनी माद्रिदच्या रस्त्यांवरील रात्रीच्या संगीताचे क्विंटेट लिहिले. त्यात आंधळ्या भिकाऱ्यांच्या मिनुएटसाठी चेलोवादकांनी वाद्य गुडघ्यांवर आडवे घेऊन ते गिटारसारखे छेडावे, अशी सूचना आहे. ही रचना स्पेनबाहेर कुणाला समजणार नाही, असे त्यांनी प्रकाशकाला कळवले होते. वाढ खुंटलेला माणूस असे लिहीत नाही. आपण हायडन ऐकण्याचा सल्ला दिलात, तो मी फार पूर्वीच पाळला आहे. आपण हे क्विंटेट ऐका, आणि मग त्यात हायडन नेमके कुठे सापडतात ते मला दाखवा.