पहिलीतल्या पोराची चौथी भाषा

१६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रातल्या मराठी आणि इंग्रजी शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा म्हणून सक्तीची झाली. १७ जूनच्या दुसऱ्या निर्णयात सक्तीऐवजी हिंदी ‘सर्वसाधारणपणे’ तिसरी भाषा असेल असा शब्द आला आणि २९ जूनला दोन्ही शासन निर्णय मागे घेतले गेले. हा वाद जर्मनीतून वाचताना एकच गोष्ट सलत राहते. तिसरी भाषा मोजताना पहिली कोणती धरली?

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावरचं पोर घरी पावरी किंवा भिली बोलतं. शाळेतली मराठी त्याची दुसरी, इंग्रजी तिसरी (ती २००० पासून पहिलीतच आहे), हिंदी चौथी. अमळनेरकडच्या पोराची अहिराणी मराठीला जवळची, तरी ‘माले’चं ‘मला’ आणि ‘डोया’चं ‘डोळा’ त्यालाही शिकावंच लागतं.

लिपी एकच, मग हिंदीचं ओझं कसलं, असं म्हणतात. पण ओझं तिथेच आहे. मराठीत ‘कवी’, ‘गुरू’ दीर्घ लिहायचं आणि पुढच्याच तासिकेला हिंदीत ‘कवि’, ‘गुरु’ ऱ्हस्व. लेखन अजून हातात बसलेलं नसताना पोर दोन्हीकडे चुकतं.

जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्गने पहिलीतली परदेशी भाषा २०१८-१९ पासून तिसरीत नेली आणि सुटलेल्या तासिका जर्मन आणि गणिताला दिल्या. नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियानेही २०२१-२२ पासून इंग्रजी तिसरीत ढकलली. फिनलंड मात्र २०२० पासून पहिलीतच सुरुवात करतो. पण तिथलं पोर सात वर्षांचं असतं, आणि आठवड्याला साधारण एक तासिका, तीही बोलण्या-ऐकण्याची.

खानदेशाने उचलावं असं दुसरंच आहे. नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियात तुर्की, अरबी, पोलिश अशा घरच्या भाषा सरकारी शाळेत शिकवतात. प्राथमिकला १५ मुलं पुरतात आणि ती अनेक वर्गांतून, शेजारच्या शाळांतूनही गोळा करता येतात. १७ जूनच्या निर्णयात हिंदीऐवजी दुसरी भाषा हवी तर एकाच इयत्तेत किमान २० मुलं लागणार होती. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे (आरटीई) पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० पटापर्यंत दोन शिक्षक. अशा शाळेत पाच इयत्तांत मिळून साठ पोरं, म्हणजे इयत्तेला बारा. वीस कुठून आणायची?

पट इयत्तेवर न मोजता केंद्रावर, म्हणजे शेजारच्या शाळांच्या गटावर मोजा. सुरुवातीचे महिने घरच्या भाषेत गोष्टी, गाणी, मोजणी. मराठी अक्षरं त्यानंतर, पोराला तोंडपाठ असलेल्या शब्दांवरून. इंग्रजी दुसरीपर्यंत फक्त कानाने आणि तोंडाने. हिंदी पाचवीपासून पुरेशी आहे. आणि पाड्यावर नेमणूक करताना पावरी येणाऱ्या शिक्षकाला आधी घ्या, कारण तो नसेल तर यातलं काहीच वर्गात उतरणार नाही.