हातोडी सीटखाली आहे

जुनी गाडी विकणाऱ्यानं थोडंफार खोटं बोलावं, ही रीतच आहे. "डॉक्टरांची गाडी आहे, फक्त दवाखान्यापर्यंत जायची" असं ऐकलं की आपण सावध होतो. बोनेट उघडायला लावतो, ऑइलची दांडी पुसून बघतो, बरोबर नेलेला माहीतगार मेव्हणा टायरला लाथ मारतो, मान हलवतो, आणि व्यवहार मोडतो. असे अकरा व्यवहार मी मोडले होते. बाराव्या खेपेला साताऱ्यात एक निवृत्त काका भेटले. ते खरं बोलले, आणि मी फसलो.

गाडी २०१० सालची, डिझेल, सात सीटची, एमएच ११. कंपनीचं नाव सांगत नाही. चौदा वर्षं खड्डे खाल्लेल्या गाडीच्या दुखण्यांसाठी कंपनीला बोल कशाला लावायचा? हिला आता एसयूव्ही म्हणतात. आमच्या गावाकडे बोनेट उंच आणि मागे स्टेपनी टांगलेली दिसली की ती जीप, मग ती कुणीही बनवलेली असो. लहानपणी अशाच एका जीपच्या मागच्या पायरीवर लोंबकळत मी जत्रेला गेलो होतो. ती जीप मनात तशीच उभी होती, हँडब्रेक ओढून.

काकांनी चहाच्या आधी एक फुलस्केप कागद हातात दिला. वर 'वाहनाच्या ज्ञात अडचणी' असा मथळा, खाली पट्टीनं मारलेली रेघ आणि मग वळणदार अक्षरात सात कलमं. कलम एक : इंजिन तापते. काटा वर जाऊ लागल्यास हीटर पूर्ण लावावा. घाबरू नये. कलम दोन : सेल्फ कधी कधी लागत नाही. हातोडीने हलकेच ठोकावे. हातोडी सीटखाली आहे. पुढे मागचा डावा दरवाजा आतून उघडत नसल्याचं, पावसाळ्यात ड्रायव्हरच्या डाव्या पायावर पाणी पडत असल्याचं (जुना टॉवेल ठेवावा), स्टेअरिंग दोन बोटं ढिलं असल्याचं आणि थंडीत सकाळी पांढरा धूर येत असल्याचं निवेदन होतं. शेवटचं कलम घड्याळाचं. ते आठवड्याला दहा मिनिटं मागे पडायचं.

इथे माझा व्यवसाय आडवा आला. मी ऑडिटर. तीस वर्षं लोकांच्या कपाटांतून त्रुटी उकरून काढण्यात गेली. ज्यानं स्वतःहून त्रुटींची यादी दिली, तीही उपायांसकट, असा माणूस मला पहिल्यांदाच भेटत होता. डोळे भरून यायचेच बाकी होते. काका एक लाख पंच्याण्णव हजार म्हणाले. मी एक लाख पंच्याण्णव हजार दिले.

"अहो, त्यांनी सात रोग सांगितले," बायको पुण्याला परतताना म्हणाली, "आणि तुम्ही एकाचेही पैसे कमी नाही केलेत."

"कळलेला दोष म्हणजे अर्धा दुरुस्त झालेला दोष," मी म्हणालो. "उरलेला अर्धा मी रविवारी करीन."

या वाक्याचा उत्तरार्ध ती अजून विसरलेली नाही.

मे महिना होता. आनेवाडीचा टोल निभावला. खंबाटकीचा बोगदा, शिरवळ, सगळं सुरळीत. खेड शिवापूरच्या टोलला मात्र रांग होती, आणि रांगेत उभं राहिल्यावर काटा उठला. नुसता उठला नाही, पाहुणे निघाल्यावर यजमान उठतात तसा लगबगीनं उठला. मी कलम एक आठवलं आणि हीटर फुल लावला. तर्क बिनचूक आहे : इंजिनातली उष्णता हीटरच्या छोट्या जाळीतून काढून घ्यायची आणि माणसांच्या अंगावर सोडायची. काटा खरोखर खाली आला. मधल्या सीटवरचा मुलगा डाव्या दाराशी झटत होता. कलम तीन त्याला कुणी वाचून दाखवलं नव्हतं. कात्रजच्या नव्या बोगद्याचा चढ आम्ही बाहेर चाळीस आणि आत बहुधा पंचावन्न अंशांत चढलो. शेजारच्या गाडीतली बाई आमच्याकडे बघत होती. 

कागदपत्रं मात्र मी चोख केली. फॉर्म २९, फॉर्म ३०, पीयूसी, विमा, सगळं फायलीत. पुढच्याच वर्षी गाडीला पंधरा वर्षं होत होती, म्हणजे फेरनोंदणी आली. तिची फी पूर्वी सहाशे रुपये असायची, १ एप्रिल २०२२ पासून ती पाच हजार झाली आहे, शिवाय हरित कर वेगळा. ही माहिती मला आधीपासून होती. काकांच्या कागदावर नव्हती, म्हणून मी ती अडचण धरली नव्हती.

पहिल्या रविवारी जुन्या बाजारातून पान्यांचा संच आणला. जॅक होता. जमिनीवर जुनं बॅनर अंथरलं आणि गाडीखाली शिरायला गेलो. करासाठी सरकार एसयूव्ही कशाला म्हणतं, ते नियमांत लिहिलेलं आहे : लांबी चार मीटरच्या वर, इंजिन १५०० सीसीच्या वर आणि ग्राउंड क्लिअरन्स किमान १७० मिलिमीटर. वाचताना हा आकडा भरघोस वाटतो. माझं पोट उताणं झोपल्यावर २४० मिलिमीटर भरतं. हे मोजमाप मुलानं घेतलं, प्लास्टिकच्या पट्टीनं, मी बंपरखाली अडकलेला असताना.

तरी सुरुवात झकास झाली. पायावर पडणाऱ्या पाण्याचं मूळ मी अर्ध्या तासात शोधलं. वायपरखालच्या जाळीत गुलमोहराची पानं कुजून बसली होती, पाणी जायची वाट बुजली होती, म्हणून ते आत यायचं. मूठमूठ पानं काढली, बादली ओतली, पाणी खालून गेलं. खर्च शून्य. कलम चारपुढे मी तारखेसह 'अनुपालन झाले' असं लिहिलं आणि बायकोला नेऊन दाखवलं. इथे थांबलो असतो तर आज प्रतिष्ठेनं जगत असतो.

पुढचा रविवार कलम एकचा. रेडिएटरचा ड्रेन उघडला तर बासुंदीसारखं तांबूस काहीतरी संथपणे बाहेर आलं. काका चौदा वर्षं बोअरचं पाणी घालत होते. मी पाइप लावून आत-बाहेर सगळं धुतलं, नितळ पाणी येईपर्यंत धुतलं, हिरवंगार कूलंट भरलं आणि हात पुसत मागे सरलो. दहा मिनिटांनी गाडीखाली हिरवं थारोळं झालं होतं. रेडिएटर तीन ठिकाणी गळत होता, आणि वॉटरबॉडी, म्हणजे इंजिनात पाणी फिरवणारा पंप, चौथ्या.

कोपऱ्यावरचे मेस्त्री येऊन उकिडवे बसले. थारोळ्यात बोट बुडवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "साहेब, आतली घाण धुतलीत का?"

"हो. स्वच्छ."

"ती घाण नव्हती," मेस्त्री हळहळत म्हणाले. "ते पॅकिंग होतं."

त्यांनी थर्मोस्टॅटचं, म्हणजे पाणी तापलं की वाट उघडणाऱ्या वॉलचं (व्हॉल्व्हचं), घर उघडून दाखवलं. ते रिकामं होतं. गाडी तापते म्हटल्यावर कुणीतरी कधीतरी वॉल काढून फेकून दिला होता. गॅरेजच्या जगात ताप आला की थर्मामीटर फोडतात. मेस्त्रींनी 'मी करून देऊ का' असं एकदाच विचारलं. मी नको म्हणालो. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, पण त्यानंतर रोज संध्याकाळी ते आमच्या गेटपाशी चहा प्यायला उभे राहू लागले.

वॉटरबॉडी काढायचा व्हिडिओ अकरा मिनिटांचा होता. मला तीन रविवार लागले. व्हिडिओतल्या माणसाच्या बोल्टला गंज नव्हता, हे त्यानं सांगायला हवं होतं. पाच बोल्ट निघाले. सहावा, सगळ्यात खालचा, फॅनच्या मागे, तिथे हात पोचतो पण डोळा पोचत नाही. बारा-तेराचा पाना लावला, घसरला. रिंग पाना लावला. गंज सुटायचा स्प्रे मारून रात्रभर ठेवलं. सकाळी पान्याला पाइप अडकवून जोर दिला, आणि बोल्ट फिरला! इतका हलका, इतका मऊ फिरला की मी ओरडलोच. मग पाना बाहेर काढला तर त्यात बोल्टचं नुसतं डोकं होतं. धड आत राहिलं होतं.

शेवटी वेल्डर आला. त्यानं त्या तुटक्या बुंध्यावर एक नट वेल्ड केला, लाल झालेला नट जरा निवू दिला, पाना लावला आणि नळ बंद करावा तसा अलगद फिरवून सगळा बोल्ट माझ्या तळहातावर ठेवला. चार मिनिटं. मेस्त्री गेटपाशी चहा पीत होते.

नाना पेठेत पार्ट घ्यायला गेलो तर दुकानदारानं नाव, साल काही विचारलंच नाही. "जुना माल आणलाय?" नव्हता आणला. दुसऱ्या दिवशी ती वॉटरबॉडी कापडी पिशवीत घालून बसनं गेलो. पिशवी लग्नात मिळालेली, 'शुभविवाह' छापलेली. स्वारगेटपर्यंत 'शुभ' तेलकट झालं होतं आणि शेजारच्या आजोबांनी धोतर सावरून घेतलं होतं. दुकानदारानं पार्ट उलटासुलटा केला. "२०१० ची? एप्रिलच्या आधीची का नंतरची?" त्या वर्षी १ एप्रिलला पुणे-सोलापूर धरून तेरा शहरांत बीएस फोर, म्हणजे गाडीच्या धुराचा अधिक कडक नियम, लागू झाला, बाकी मुलूख मागे होता. "एमएच ११," मी म्हणालो. "मग थ्रीच समजू," तो म्हणाला. "कंपनीचा देऊ का लोकल?" लोकल अर्ध्या किमतीत होता. मी वॉटरबॉडी कंपनीची घेतली. मन जरा मोठं झालं म्हणून सेल्फचे कार्बनही (आतल्या मोटरला वीज पोचवणारे तुकडे) घेतले. ते लोकल.

दरम्यान सोसायटीच्या फलकावर 'पार्किंगमध्ये गॅरेज चालवण्यास मनाई' अशी सूचना लागली. सेक्रेटरी म्हणाले, व्यक्तिगत घेऊ नका. सूचनेत माझ्या फ्लॅटचा नंबर होता.

दिवाळीपर्यंत नवा रेडिएटर, वॉल, कार्बन, स्टेअरिंगचे एंड आणि दाराचं कुलूप असं सगळं बसलं. खर्चाची पावतीन् पावती मी फायलीला लावली. ही तीस वर्षांची सवय. फाइल बायकोला सापडली. अठ्ठेचाळीस हजार तीनशे. तिनं बेरीज तपासली, बरोबर निघाली, आणि ती काही बोलली नाही. आमच्या खात्यात याला 'गंभीर स्वरूपाचा आक्षेप' म्हणतात.

डिसेंबरात गाडी काकांना दाखवायला साताऱ्याला नेली. काटा मधोमध होता, खंबाटकीचा अख्खा घाट चढूनही मधोमध. काका फाटकात उभेच होते. त्यांनी डावा दरवाजा आतून उघडून पाहिला, दोनदा. स्टेअरिंग हलवलं. चावी फिरवली, पहिल्या झटक्यात सुरू. चेहरा थोडा उतरल्यासारखा वाटला. मग वाकून सीटखाली हात घातला.

"हातोडी?"

"घरी ठेवली, काका. आता गरज नाही."

काका आत गेले आणि दुसरी हातोडी घेऊन आले. जागेवर ठेवली, डॅशबोर्डवरचं घड्याळ मनगटावरच्याशी लावून पुढे केलं आणि म्हणाले, "असू दे."

सुरूर फाट्याला चहाला थांबलो. अंधार पडला होता, गार वारा सुटला होता. चावी फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्. मुलगा मागून म्हणाला, "बाबा, कार्बन लोकल होते ना?"

मी काही बोलायच्या आत बायको वाकली, सीटखाली हात घातला आणि हातोडी माझ्यापुढे धरली.

"हलकेच," ती म्हणाली. "घाबरू नये."