आधी वेळ ठरवा, मग पिशवी भरा

प्राणिसंग्रहालय बघायला जाताना काय तयारी करावी, यावरचा एक लेख वाचला. त्यात टोपी, पाण्याची बाटली, चालायला सोयीचे बूट सगळं आलंय, पण वेळेबद्दल जेमतेम एक ओळ आहे. माझ्या मते प्राणिसंग्रहालयात तीच सगळ्यात महत्त्वाची. सिंह दिवसाचे १६ ते २० तास आरामातच काढतो. भर दुपारी त्याच्यासमोर उभं राहून 'हा हलत का नाही' म्हणण्यात काय अर्थ? वाघ-बिबट्यांची हालचाल सकाळी आणि ऊन उतरल्यावर जास्त दिसते. म्हणून दार उघडताच आत शिरा, आधी त्यांच्याकडे जा आणि दुपार सर्पालय-मत्स्यालयासाठी ठेवा. निशाचर प्राण्यांचं दालन असेल तर तिथे जरा थांबा. डोळे अंधाराला सरावल्यावरच काहीतरी दिसू लागतं. मोबाइलचा टॉर्च तिथे अजिबात नको.

आणि कृपा करून काचेवर टकटक करू नका, हाका मारू नका. चिंपांझी दात दाखवतो तेव्हा लोकांना तो हसतोय असं वाटतं, पण बरेचदा तो घाबरलेला असतो. आपल्याजवळचं खाणं तर कुणालाच देऊ नका. त्यांचा आहार ठरलेला असतो, आणि हरणासारखे प्राणी खाण्याच्या वासाने प्लॅस्टिकची पिशवीही गिळतात. ती पोटात अडकून जीव जातो.

लहान मुलं सोबत असतील तर सगळे पिंजरे बघायचा हट्ट सोडा. आवडते चार-पाच प्राणी निवडा आणि प्रत्येकापाशी निवांत थांबा. प्राण्यांना खाणं देण्याच्या वेळा फाटकाशीच विचारून घ्या.